सुई ओवण्याइतका उजेड

खोलीचं दार ढकलून ती आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

कॉटवर एक माणूस उताणा पडला होता. बूट काढून जोडीने ठेवलेले, हात पोटावर, आणि डोळे... टक्क उघडे!

तिने दारावर टकटक केलं. "अहो...?"

"एक मिनिट," तो माणूस न हलता म्हणाला. "छत बघतोय."

"ही खोली रिकामी आहे म्हणाल्या ऑफिसातल्या बाई."

"रिकामीच आहे. मी इथे राहत नाही." तो उठून बसला. पस्तिशीचा असेल. शर्टाच्या बाहीवर निळा रंग वाळला होता. "वयात बसत नाही अजून."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. वृद्धनिवास बघायला आलेल्या माणसाने हसू नये, असं तिला उगाच वाटत होतं. "मग झोपलात का?"

"आत्याचा हुकूम. म्हणाली, खोली उभ्याने बघू नकोस, आडवा होऊन बघ. मला तिथे जास्त वेळ आडवंच राहायचंय. छताला भेगा असल्या तर मी त्यांच्यात चेहरे शोधत बसेन, आणि ते सगळे तुझ्या काकांसारखे दिसतील!" तो बूट घालता घालता म्हणाला, "तुम्ही कशी बघता खोली?"

ती घुटमळली. मग पर्समधून काढलं — काळ्या दोऱ्याचं रीळ आणि एक सुई.

त्याच्या भुवया वर गेल्या. पुढे काय होतंय ते बघायला तो भिंतीला टेकून उभाच राहिला.

तिचे बाबा शिंपी; लेकीला लाडाने टाचणी म्हणायचे, नातीला बटण. दुकान सुटलं, पण हात सुटले नव्हते. रोज काहीतरी उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. मागच्या महिन्यात त्यांनी चहाचं आधण ठेवलं. ते उतू जाऊन गॅस विझला, आणि त्यांना पत्ताच नाही. आतल्या खोलीत तिची लेक, बटण, झोपलेली. वेळेवर वास आला म्हणून निभावलं. पण बाबांनीच धोशा लावला, "टाचणे, माझी सोय दुसरीकडे बघ. तू कामावर जातेस, पोरीला माझ्या भरवशावर ठेवू नकोस." बटणच्या बापाने केव्हाच दुसरा संसार थाटला होता, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. काम सोडून दोघांना राखायची सोय नव्हती. बाबांची अट एकच — दुपार कलली तरी सुई ओवता यावी एवढा उजेड हवा.

ती खिडकीशी गेली. पर्समधून जाड भिंगांचा चष्मा काढून नाकावर चढवला, दोरा ओठांत ओला केला. एकदा. दोनदा. दोरा सुईला टाळून भलतीकडेच वळायचा. तिसऱ्यांदा बोटालाच टोचलं.

"स्स... ही पण नापास!"

"हा चष्मा तुमचा?"

"बाबांचा. जुना." ती बोट चोखत म्हणाली. "त्यांना जसं दिसतं, तसं मला दिसायला नको का?"

हसू दाबताना त्याचे ओठ थरथरत होते.

"हसताय तुम्ही."

"छे... फक्त विचारतो हं. हा घातला की त्यांना नीट दिसतं?"

"अर्थात."

"आणि तुमचे डोळे?"

"माझे उत्तम आहेत, मला कशाला..."

वाक्य तिथेच राहिलं. तिने हळूच चष्मा काढला. दोरा पहिल्याच झटक्यात सुईतून आरपार गेला.

"अशा किती खोल्या नापास केल्यात?" त्याने अगदी अलगद विचारलं.

"तीन..." ती कॉटच्या कडेवर बसली. "एक तर आमच्या मागच्याच रस्त्यावरची होती. बटणला चालत नेता आलं असतं! कॉलेजात शिकलेय हो मी..."

"शिकण्याचा काय संबंध? खोली सापडूच नये, असं वाटत असेल आतून."

तिने चमकून वर पाहिलं. हे तर तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"मला कसं कळलं, विचारा ना." तो खिडकीबाहेर बघत होता. "हे छत कोरं करकरीत आहे. एक भेग नाही. तरी मी तासभर पडून शोधतोय. आत्यानेच वाढवलं मला. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, आमच्या घरी जिना... मी शाळेत चित्रकला शिकवतो, दिवसभर ती एकटी."

उन्हाची तिरीप त्याच्या बाहीवरच्या निळ्या डागावर येऊन थांबली होती, आणि ती त्या डागाकडेच बघत राहिली... जरा जास्तच वेळ.

ऑफिसातून बाईंची हाक आली, "ठरलं का? एकच खोली आहे हं!"

"तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"मुळीच नाही. आत्याबाईंचं छत आहे ते." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "मास्तर... उद्या मी ती मागच्या रस्त्यावरची खोली पुन्हा बघणार आहे. बाबांना घेऊन. तिथलं छत बघायचं राहूनच गेलं..."

"म्हणजे मी येऊन आडवं व्हायचं?"

"अनुभवी माणूस लागतो त्याला," ती म्हणाली, आणि आपण हे बोललो कसं, याचंच तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खिडकीशी उभं राहून स्वतःचा चष्मा लावला आणि एका दमात सुई ओवली. "पास!" मग मान वळवली. कॉटवर मास्तर आडवे, त्यांच्या शेजारी बटण तशीच, हात पोटावर ठेवून.

"काय मास्तर, छत कसं आहे?"

"छान आहे," मास्तर म्हणाले, "पण एका बघण्यात खात्री होत नाही. मला इथे येत राहावं लागेल. म्हणजे... कोणाची हरकत नसेल तर." विचारलं बाबांना, नजर मात्र तिच्याकडे.

तिचे कान तापले. "बटणला विचारा," ती पुटपुटली.

"रोज या!" बटण छताकडे बघतच म्हणाली.

बाबांनी लेकीला जवळ ओढलं. आयुष्यभर गिऱ्हाईक पारखलेल्या आवाजात ते कुजबुजले, "टाचणे, कापड चांगलं आहे. घाई नको... पण कच्चा टाका घालून ठेव."

कॉटच्या पायाशी मास्तरांचे आणि बटणचे बूट एका रांगेत होते. तिने आपल्या चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी ठेवल्या.

"सरका जरा," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."