वाफेतलं ‘या’

या सहलीतून उमाला एकच गोष्ट कमवायची होती : नवऱ्याचा होकार. सस्काटूनचं घर विकायचं आणि मार्कहॅमला, लेकीच्या शेजारी राहायला जायचं. ईशानीला नुकतीच मुलगी झाली होती. पण पोटॅशच्या खाणीतून निवृत्त झालेल्या नंदनला बेसमेंटमधल्या टोमॅटोच्या रोपांपुढे नातही फिकी. गरम पाण्यानं गुडघे सुटतात, तसा हट्टही सुटेल, असा हिशेब करून उमानं २००८च्या सप्टेंबरात गाडी डोंगरांकडे काढायला लावली.

रेडियम नावाच्या गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात तो गळ्याइतक्या पाण्यात मनसोक्त बसला. निघताना, कुणाच्या घरून निघावं तसा पाण्याकडे वळून म्हणाला, “बरंय, येतो.”

“या,” वाफेतून कुणीतरी म्हणालं.

उमा थबकली. कुंडात एक गोरं जोडपं होतं, तेही पार पलीकडे.

“असेल कुणी मराठी,” नंदन म्हणाला. “आपली माणसं कुठंही निघतात.”

दुसऱ्या दिवशी आइन्सवर्थचं कुंड. या गावात दोघांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तरी तिकिटं देणाऱ्या मुलीनं नंदनला हसून विचारलं, तुम्ही आत होतात ना, बाहेर कधी आलात?

उमाला आधी भूतबीत सुचलं नाही. तिला बाई सुचली.

“अहो, इथं पूर्वी कुणाबरोबर आला होतात?”

“हे गुडघे बघ. तुझ्याशिवाय कोण हिंडवणार मला?”

आत गरम पाण्यानं भरलेल्या दगडी भुयारात गंधकाचा वास कोंडला होता. कोपऱ्यात एक पाठमोरं टक्कल दिसलं. त्यावर उन्हानं पडलेला तपकिरी डाग. तसाच डाग शेजारी नंदनच्या टकलावर होता. ती वळसा घालून गेली, तर तिथं नुसतं पाणी हलत होतं.

“येतो हं,” निघताना नंदन सवयीनं म्हणालाच.

“या.” या वेळी अगदी जवळून.

शेवटचं कुंड नाकस्प गावाच्या पुढे, लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या कच्च्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, रानात. भर दुपार, चिटपाखरू नाही. नंदन पाण्यात उतरला. उमा काठावरच बसली.

“ईशानीला काय सांगू?”

“नाही म्हणून सांग. मी कुठं हलणार नाही.”

ती पिशवी उचलून तरातरा गाडीत येऊन बसली.

थोड्या वेळानं नंदन आला. अंगात कपडे, मिशा कोरड्या. स्टिअरिंगमागे बसला.

“जाऊ मार्कहॅमला,” तो म्हणाला. “तू म्हणशील तेव्हा.”

गाडीत गंधकाचा वास पसरला. उमानं त्याची बोटं पाहिली. इतका वेळ पाण्यात बसून एकालाही सुरकुती नव्हती.

खालून हाक आली. “उमा, टॉवेल आण गं.”

शेजारच्यानं किल्लीला हात लावला होता, पण फिरवली नव्हती. तो तिच्याकडे बघत थांबला होता.

उमानं काच वर केली.

उमाला मार्कहॅम मिळालं, ईशानीला आईबाबा, नातीला आजोबा. आणि ज्यानं या सगळ्याची किंमत भरली, तो उघड्या अंगानं कुंडात बसून टॉवेलची वाट बघत होता.