मावळतीआधीचे पाणी

एक टेबल, दोन खुर्च्या, जुन्या अंकांचे एकतीस गठ्ठे, दोन पितळी फुलपात्रे.

५ मार्च २०२६, गुरुवार. तासगावातल्या ‘सौदापत्र’च्या कचेरीत एवढेच उरले होते. श्रद्धाने स्वतः मोजले. ती रसायनशास्त्र शिकलेली. न मोजता काही सांगत नाही. म्हणून पुढचेही खरे धरायचे.

हे व्यापारी साप्ताहिक तिच्या वडिलांचे, अजितकुमार अण्णांचे. एके काळी अडतीसशे प्रती निघत. शुक्रवारच्या पहिल्या एसटीने गठ्ठे कडेगाव, म्हसवडला जात. अंकातला बेदाण्याचा दर पाहिल्याशिवाय व्यापारी तोंड उघडत नसत.

मग दर मोबाइलवर दिसू लागले.

शेवटचा अंक त्रेसष्ट प्रतींचा.

अंक गुरुवारी पुरा व्हायचा. अण्णा जैन, दिवस मावळला की पाणीसुद्धा वर्ज्य. त्याआधी टेबलावर फुलपात्र भरून ठेवायचे काम श्रद्धाचे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी तिने ते ठेवले नाही.

“कोण वाचतं हे आता? घरी चला, पाणी तिथंच प्या,” म्हणाली आणि निघून आली.

अण्णा अंक पुरा करत बसले. पहाटे छपाईवाल्या इमामचाचांना ते टेबलावर डोके टेकलेले दिसले. अंग गार पडले होते.

आता ५ मार्चला इमामचाचांबरोबर आवराआवर करताना तिने सवयीने फुलपात्र भरले...

मावळल्यावर पाहिले, तर कोरडे.

“चाचा, तुम्ही प्यायलात?”

“दिवसभर रोजा हुता, ताई. आत्ता खजूर खाल्ला न्हवं तुमच्यासमोर.” चाचांनी फुलपात्र पालथे करून पाहिले. “अण्णा म्हणायचं, मावळतीच्या अलीकडं मी पितो, पलीकडं तू पी. त्या राती लय घसा सुकला हुता त्येंचा. जाताना मी तांब्या फुडं केला. सकाळी पिऊ, अण्णा म्हणलं.”

जागा एकतीस तारखेला सोडायची होती. अण्णांची तहान अजून आहे का, एवढे तिला त्याआधी कळायला हवे होते.

१२ मार्च. तिने दोन्ही फुलपात्रांत मोजून दोनशे-दोनशे मिली पाणी ओतले. एक खिडकीत, एक टेबलावर. खिडकी बंद. दाराला कुलूप. दोघे बाहेर पायरीवर बसले.

साडेसहा.

आत कागद उलटल्यासारखे झाले... मग खुर्ची सरकली...

मग घोट.

एक... दोन...

चाचांनी मान खाली घातली. श्रद्धा मोजत राहिली. अकरा.

सहा एक्केचाळीसला सूर्य मावळला. तिने कुलूप काढले आणि मोजपात्र हातात घेतले.

खिडकीतले पाणी : १९९ मिली.

टेबलावरचे : ०.