बिजागरीच्या बाजूला

खोटं वाटेल, पण हे माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. ऐकीव नाही. आणि आधीच सांगतो, रात्र नव्हती, वीजही गेली नव्हती. मार्च महिन्यातला गुरुवार, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी घरीच प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासूनपुसून परत पाठवतो. घरात मी एकटाच. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि मग वय निघून गेलं. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे, पण मला बघून खूश होणारा एकच होता. माझा कुत्रा.

त्याचं नाव हवालदार. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाची झडती घ्यायचा म्हणून. तेरा वर्षांचा झाला होता. मी काम करत असलो की खुर्चीखाली यायचा आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा.

जानेवारीत त्याचं काहीतरी बिनसलं.

सुरुवात दारापासून झाली. बाहेर जायचं असलं की दाराशी यायचा, पण... चुकीच्या बाजूला उभा राहायचा. कडीच्या नाही, बिजागरीच्या. नाक भिंतीला लावून. दार उघडलं तरी हलायचा नाही.

मग कपाटामागे अडकायला लागला. कपाट आणि भिंत यांच्यात हातभर जागा आहे. तिथे शिरायचा आणि मागे कसं यायचं ते विसरायचा. भुंकायचा नाही. नुसता उभा. मी हाका मारत घरभर शोधत फिरायचो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई स्पष्टवक्त्या.

"माणसांना म्हातारपणी विसरण्याचा आजार होतो ना, तोच हा. कुत्र्यांनाही होतो. एक वही करा. काय करतो, किती वाजता करतो, सगळं लिहा."

"आणि पुढे?"

"हाल व्हायला लागले तर एक इंजेक्शन असतं. मनाची तयारी ठेवा."

मी वही केली. सकाळी सात, ताटलीतलं उजवीकडचं खाल्लं, डावीकडचं तसंच. अकरा, आरशातल्या स्वतःवर गुरगुरला. दुपारी चार ते सव्वापाच, दाराशी, बिजागरीच्या बाजूला.

दुपारचं ते रोजचंच होतं. चार म्हणजे चार.

फेब्रुवारीच्या शेवटी ताई आली. माझी थोरली बहीण. इंजेक्शनचा निर्णय माझ्याने होईना, म्हणून मीच तिला बोलावलं होतं. मी चहा टाकत होतो. ती टेबलाशी वही चाळत बसली होती.

चहा घेऊन आलो तर तिचा चेहरा पांढराफटक.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"आईचं. एवढं सगळं मी तुला कधीच सांगितलं नव्हतं."

मला हसू आलं. "ताई, हे कुत्र्याचं आहे."

ती हसली नाही.

आई याच घरात गेली, चौदा वर्षांपूर्वी. शेवटच्या वर्षात तिला काही आठवायचं नाही. तिचं सगळं ताईने एकटीने केलं. मी तेव्हा लांबच्या शहरात नोकरीला होतो. येतो, येतो म्हणत राहिलो. शेवटी तिकीट काढलं आणि नेमकं तातडीचं काम आलं, म्हणून दोन दिवस पुढे ढकललं. त्या दोन दिवसांतच आई गेली. त्यानंतर मी नोकरी सोडून इथे राहायला आलो. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

ताई म्हणाली, "अर्धंच ताट जेवायची. आरशाला घाबरायची, मी त्यावर चादर टाकली होती. त्याच कपाटामागे अडकायची. तुझी बस चारला यायची ना? रोज चारला दाराशी जाऊन उभी. बिजागरीच्या बाजूला."

हवालदार या घरात आला तो आई गेल्यावर वर्षभराने. त्याने तिला पाहिलंसुद्धा नव्हतं.

"म्हातारपण सगळ्यांचं सारखंच असतं गं," मी म्हणालो.

"असेल. मग आता तो तुझा चष्मा लपवेल. अंथरुणाखाली. आईने माझा लपवला होता. त्यानंतर... नऊ दिवस."

"शेवटच्या दिवशी काय झालं होतं?"

ताईने खिडकीबाहेर बघितलं. "काही नाही. शांतपणे गेली."

दुसऱ्या दिवशी ती तिच्या घरी परतली. पुढच्या मंगळवारी माझा चष्मा सापडेना.

हवालदारच्या गोधडीखाली होता. तेरा वर्षांत त्याने माझ्या कुठल्याच वस्तूला तोंड लावलं नव्हतं. चष्म्यावर दाताची खूण नव्हती, लाळ नव्हती. आणि...

काड्या व्यवस्थित मिटलेल्या होत्या.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, इंजेक्शन नको. दातांच्या सगळ्या डॉक्टरांना कळवलं, दहा दिवस काम बंद. कोणाची कवळी अडली तर अडली. या वेळी मी कुठेही जाणार नव्हतो.

जमिनीवर त्याच्याशेजारी गादी टाकली. आधी तो माझ्या हातून खायचा, मग तेही सुटलं. पाचव्या दिवसापासून मला ओळखेना. मी बोलत राहिलो. उशीर झाला, चुकलो, असं काय काय. एकदा तोंडातून "आई" असं निघून गेलं.

त्याने कान टवकारले.

नववा दिवस गुरुवार होता. दोन दिवस तो उठलाच नव्हता. चारला मी घड्याळाकडे बघितलं, आणि...

हवालदार उठला.

पाय लटपटत नव्हते. सरळ दाराशी गेला. कडीच्या बाजूला, जिथून दार उघडतं तिथे. शेपूट हलत होती.

मी दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. रिकामा जिना, पायऱ्यांवर ऊन. पण तो मान वर करून बघत होता. माणसाचा चेहरा जिथे असतो तिथे. लाडात आल्यासारखा कुईकुई करत होता. झडती मात्र घेतली नाही. ओळखीच्या माणसाची तो घ्यायचा नाही.

मग तो वळला आणि आत निघाला. हळूहळू, कोणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवत. मध्येच वर बघत.

"हवालदार," मी म्हणालो, "अरे, मी इकडे आहे."

त्याने वळून पाहिलं नाही.

तो माझ्या कामाच्या खुर्चीखाली गेला. खुर्ची रिकामी होती. तो आडवा झाला आणि हनुवटी टेकली... पण ती जमिनीला लागली नाही. चार बोटं वरच राहिली. माझं पाऊल असतं तेवढ्या उंचीवर.

मी दारातच उभा होतो. कडीवरचा हात काढायचंही सुचलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग हनुवटी हळूच खाली आली. कोणीतरी अलगद पाय काढून घ्यावा, तशी.

जवळ गेलो तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

ताईला फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं.

"आईसुद्धा तशीच उठली होती," ती म्हणाली. "दार मीच उघडलं. कोणी नव्हतं. पण ती म्हणाली, आलास? किती रोडावलास रे. तासभर गप्पा मारल्या तिने तुझ्याशी. हसत गेली."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? की तुझ्यावाचून काही अडलं नाही?"

चौदा वर्षं मला वाटत होतं, आई माझी वाट बघत गेली. फार जड होतं ते. पण ताईच्या बोलण्यानंतर मला हलकं नाही वाटलं, पोरकं वाटलं.

दारातून आत आला तो कोण होता ते मला ठाऊक नाही. मी त्या खुर्चीवर बसत नाही, ओट्यावर काम करतो. ताई म्हणते घर विकून टाक. अजून मन होत नाही.

पण एक विचार डोक्यातून जात नाही. तो आला तेव्हा आईसाठी दार ताईने उघडलं. हवालदारसाठी मी उघडलं.

माझ्या वेळी घरात कोणी नसेल.