पांढऱ्या हातमोज्यांची मुकी बोटं

“घ्या हो बाई, घालून तर बघा! फोनसाठी हातमोजा काढायला नको आणि बोट गारठवायला नको!” इत्तो घसा खरवडून ओरडत होती.

बर्फाच्या मैदानाच्या कडेला तिच्या आईच्या विणकाम संस्थेचं टेबल मांडलं होतं. शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली होती आणि सगळ्या शहरांतली माणसं घसरगाड्या भाड्यानं घेऊन बर्फात लोळत होती. टेबलामागे इत्तो, मक्नासहून सुट्टीला आलेला तिचा मावसभाऊ अनीर आणि शेजारचा छोटा बस्सू. बस्सूचं निम्मं लक्ष गिऱ्हाइकांकडे, निम्मं पलीकडच्या उकडलेल्या अंड्यांच्या गाडीकडे!

“चालतात ना नक्की?” कासाब्लांकाच्या एका बाईंनी पांढरा हातमोजा चढवला आणि फोनवर बोट फिरवलं.

काहीच नाही! बाईंनी पुन्हा फिरवलं, दाबलं, शेवटी टकटक केलं. फोन ढिम्म!

“दुसरा घालून बघा,” इत्तो गडबडीनं म्हणाली. दुसराही ढिम्म, तिसराही ढिम्म.

“फसवायला बसलात का रे पोरांनो?” बाई तणतणत निघून गेल्या. तोवर सकाळी घेऊन गेलेलं एक गिऱ्हाईकही परत आलं. मग आणखी एक!

“थांब, थांब,” अनीर म्हणाला. त्यानं एक तपकिरी हातमोजा चढवला आणि फोनला बोट लावलं. फोन लगेच उघडला. “तपकिरी चालतोय की! मुके झालेत ते फक्त पांढरे.”

“काय फरक आहे दोन्हींत?” बस्सूनं विचारलं. “लोकरच ना?”

“अरे, लोकर नाही, धागा बघायचा!” अनीरला फोनबद्दल कुणी विचारलं की तो फुलून यायचा. “काचेखाली हलकीशी वीज पसरलेली असते. बोट टेकलं की त्यातली इवलीशी बोटाकडे ओढली जाते आणि फोनला कळतं, बोट इथं आहे. मध्ये लोकर आली की त्याला बोट कळतच नाही! म्हणून मावशी टोकाला चांदीचा मुलामा दिलेला धागा शिवते. आत कातडीला टेकलेला, बाहेर काचेला. धागा म्हणजे पूल रे!”

“मग पूल मोडला कुणी?” बस्सू म्हणाला.

इत्तोनं पांढऱ्या हातमोज्याचं टोक डोळ्यांजवळ धरलं. चांदीसारखं चमकायला हवं ते टोक मळकट, काळपट दिसत होतं. तिनं वास घेतला आणि नाक मुरडलं. “शी! काडेपेटी ओढल्यासारखा वास येतोय. कुठंतरी पाणी मुरतंय रे!”

तिघं गावात परतली, तोवर पाणी कुठं मुरतंय ते सी अल्लालनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. सी अल्लाल, म्हणजे आपल्याकडचे अल्लालराव, हा संस्थेचा माल व्हॅनमधून विकायला नेणारा माणूस. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. विणकामघरात सगळ्या बायका मागांपुढे बसल्या होत्या आणि हा मधोमध उभा राहून हातमोजा नाचवत होता.

“ही चांदी आहे? ही? चांदी अशी काळी असते का? चांगला धागा बाजारात विकलाय आणि त्या जागी कसलातरी भिकार धागा ओढलाय! टोकं कोण शिवतं? तूदा शिवते. मग झालं तर!”

तूदा म्हणजे इत्तोची आई. तिनं टोपलीतला एक पांढरा हातमोजा उचलला आणि ती त्याचे टाके तपासत राहिली. 

“खोटं आहे! साफ खोटं!” इत्तो दारातूनच किंचाळली.

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, पोरी,” सी अल्लाल गुरकावला.

संस्थेची प्रमुख म्हातारी हद्दा. सगळ्या तिला मानानं लल्ला हद्दा म्हणत. तिनं काठी आपटली. “शुक्रवारचं कुसकुसचं जेवण झालं की सगळ्या जमू. तूदा, धाग्याचा हिशोब लागला नाही, तर तुझी इथली जागा जाईल. मलाही वाईट वाटतंय, पण बाहेर आपल्या सगळ्यांचंच नाव बुडतंय.”

जागा जाईल!  बाप गेल्यापासून इत्तोचं घर आईच्या त्या जागेच्या कमाईवर उभं होतं. आणि जागेपेक्षा वाईट ते ‘चोर’ म्हणवून घेणं. लहान गावात एकदा चोर म्हटलं की पोरांच्या लग्नापर्यंत ते चिकटून राहतं!

घरी जाताना अनीर हळूच म्हणाला, “इत्तो, रागावू नकोस, पण मावशीनं खरंच...”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या तोंडावर बर्फाचा गोळा बसला.

“बरं बरं! मावशी नाही!” तो तोंड पुसत म्हणाला. “मग धागा जिथून येतो, तो अझरू गावचा धागेवाला. त्यानंच खोटा माल दिला असणार.”

“हे बघायला सोपं आहे.” इत्तो मागे फिरून थेट विणकामघरात शिरली आणि आईच्या टोपलीतलं रीळ घेऊन आली. अनीरनं हातमोजा चढवला, धाग्याचं एक टोक आत बोटाला टेकवलं, दुसरं बाहेर गुंडाळलं आणि फोनला लावलं. फोन चटकन उघडला!

“म्हणजे धागा खरा. शिवणही खरी, कारण याच रिळातून तपकिरीही शिवलेत,” इत्तो म्हणाली. “शिवून झाल्यावर काहीतरी झालंय. शिवल्यावर माल कुणाकडे असतो?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माल तर असतो सी अल्लालकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघांनी त्याच्यावर डोळा ठेवला. संशय घ्यायला लागलं की माणसाचं सगळंच संशयास्पद दिसतं. तो खोकला तरी बस्सू म्हणे, “खूण करतोय बघ कुणालातरी!” त्याची व्हॅन मात्र खरंच बघण्यासारखी होती. मागं कोळशाची पोती रचलेली आणि एका पोत्याला पांढऱ्या लोकरीचा पुंजका चिकटलेला.

“मालाच्या गाडीत कोळसा!” अनीर कुजबुजला. “हातमोज्यांशेजारी!”

आणि मग वाऱ्याबरोबर तो वास आला. काडेपेटीचा! सी अल्लालच्या घरामागच्या खोपटातून पिवळसर धूर निघत होता. तिघं दबकत गेली. बस्सूनं फटीला डोळा लावला आणि असा काही ठसकला की सगळं गुपित फुटलं!

“कोण रे ते? या, या! तुम्हीही खोका माझ्याबरोबर!” आतून खणखणीत आवाज आला. ती सी अल्लालची आई, इज्जा आजी. तोंडाला फडकं बांधून ती वेताच्या मोठ्या डालीवर नवरीनं लग्नात पांघरायचं पांढरं घोंगडं पसरत होती. डालीखाली मातीच्या परळात गंधकाचे खडे धुमसत होते.

इत्तोला हसू आलं. अरे, गंधकाची धुरी! हे तर तिनं शंभरदा पाहिलेलं! लग्नाची लोकर दुधासारखी पांढरी निघावी म्हणून गावातल्या म्हाताऱ्या अशीच धुरी देत.

“लोकर गोरी होते आणि माझी टाचणी मात्र काळी!” इज्जा आजी खांद्यावर कापड अडकवायच्या चांदीच्या मोठ्या टाचणीकडे बोट दाखवून करवादली. “राख आणि लिंबू लावून घासते घासते, आणि धुरी दिली की पुन्हा तव्यासारखी. या गंधकाचं आणि चांदीचं जन्माचं वैर!”

इत्तो जागच्या जागी थिजली. तिनं अनीरचा दंड इतका जोरात दाबला की तो ओरडलाच.

“चांदी!” बाहेर येताच ती म्हणाली. “अनीर, धाग्यावरही चांदीच आहे! धुरीनं ती काळी पडली आणि पूल मोडला!”

“आणि कोळशानं मळलेली लोकर पांढरी शुभ्र! म्हणून फक्त पांढरेच मुके!” अनीर उडी मारून म्हणाला. “चल, सांगू लल्ला हद्दाला.”

“थांब. सी अल्लाल म्हणेल, माझ्याकडे हातमोजे कधी धुरीला गेलेच नाहीत. मग? पोरांचं कोण ऐकतं? त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे.”

दुपारी इत्तो लल्ला हद्दाच्या समोर बसली आणि आईच्या रिळातून एका पांढऱ्या जोडीची टोकं तिनं शिवली. आतल्या काठाला एक लाल गाठ मारली. लल्ला हद्दानं तो हातमोजा घालून फेजला राहणाऱ्या लेकीला फोन लावला आणि चांगल्या भरपूर गप्पा मारल्या. “हे कशासाठी ग, पोरी?”

“शुक्रवारी सांगते, लल्ला. तोवर कुणाला बोलू नका, माझी शपथ!”

पुढचं काम बस्सूचं. आणि काय वठवलं त्यानं! हातमोजे कोळशात लोळवून तो रडत रडत सी अल्लालपुढे उभा राहिला.

“सी अल्लाल, माझ्या हातून मळले हो! लल्ला हद्दा मला सोलून काढेल!”

भिंतीच्या कोपऱ्यामागे दडलेल्या इत्तो आणि अनीरचे कान टवकारले.

“गप रे, रडू नकोस,” सी अल्लाल मिशीत हसला. “आण इकडे. माझ्या आईच्या हाताला गुण आहे. मागचा गठ्ठा तर माझ्या गाडीत याहून काळा झाला होता, कुणाला पत्ता लागला का? सकाळी पांढरे करून देतो. तू मात्र तोंड मिटून बस!”

बस्सू तोंड मिटून बसला. शुक्रवारपर्यंत! त्याच्या आयुष्यातला हा विक्रमच.

शुक्रवारी कुसकुस झालं, चहा फिरला आणि बायका जमल्या. तूदा मात्र आपल्या जागेवर न बसता दाराशीच उभी राहिली. इत्तोनं ती जोडी पुढे ठेवली. लोकर शुभ्र, टोकं काळी. लल्ला हद्दानं घालून फोनवर बोट फिरवलं. ढिम्म!

“बघितलंत?” सी अल्लाल उसळला. “अजून चालूच आहे तूदाची चोरी!”

“तूदाची?” लल्ला हद्दानं काठ उलटवून लाल गाठ वर धरली. “ही जोडी इत्तोनं माझ्यासमोर शिवली, अल्लाल. याच बोटानं मी लेकीशी बोलले. ही परवा बोलत होती, आज मुकी कशी झाली?”

“बस्सूनं मळवली!” सी अल्लालच्या तोंडून सुटलं. “मी तर उलट साफ...” आणि तो मधेच थांबला.

“साफ करून दिली! गंधकाची धुरी देऊन!” बस्सूचा बांध फुटला. “मागचा गठ्ठाही! यांच्या गाडीत कोळशानं मळलेला! यांनीच सांगितलं मला, आणि म्हणाले तोंड मिटून बस!”

विणकामघरात गलका झाला. कुणीतरी इज्जा आजीला बोलावून आणलं. इत्तोनं तिची टाचणी आणि हातमोज्याचं टोक शेजारी शेजारी धरलं. दोन्हींचा रंग एकच!

“मला काय ठाऊक, यात चांदी आहे म्हणून!” म्हातारी लेकावर कडाडली. “नुसती लोकर आहे म्हणालास मला! स्वतःचा घाणेरडा कोळसा लपवायला परक्या बाईला चोर ठरवलंस? लाज नाही वाटत?”

“मला वाटलं, धागाच खोटा, म्हणून काळा पडला...” सी अल्लाल पुटपुटला. “चुकलं माझं, तूदा.”

“ऐकू आलं नाही,” तूदा म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज निघाला होता. “चोर म्हणालात तेव्हा पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं.”

बायका खुसखुसल्या. सी अल्लालच्या मिशा खाली आल्या. “तूदा चोर नाही!” तो शेवटी ओरडला. “चूक माझी आहे!” बाहेर चाललेला गाढववालासुद्धा थबकून बघू लागला.

“आणि आता शिक्षा,” लल्ला हद्दा म्हणाली. “मुके हातमोजे कुणी घासायचे नाहीत, घासून मुलामाच निघून जाईल. त्यांची टोकं उसवायची आणि नव्या धाग्यानं शिवायची, आणि उसवायला तू बसशील, अल्लाल! पुढच्या आठवड्यात मैदानावर उभा राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगशील. काय सांगशील? इत्तो, शिकव त्याला.”

“थंड पाण्यात, साध्या साबणानं, हातानं हलकेच धुवा,” इत्तो म्हणाली. “पिळू नका. ब्लीच नको, कपडे मऊ करायचं औषध नको, त्याचा थर बसला की पुन्हा मुके. शेगडीजवळ नको, सावलीत पसरून वाळवा.”

“आणि गंधक?” बस्सूनं विचारलं.

“गंधक तर बापजन्मात नको!” सी अल्लाल कान पकडून म्हणाला, आणि सगळं घर हसलं.

लल्ला हद्दानं तिघांना जवळ ओढलं. “आम्ही सगळ्या म्हाताऱ्या टोकाचा काळा रंग बघून गप्प बसलो. जन्मभर चांदी घातली, जन्मभर धुरी दिली, पण दोन्ही एकत्र आठवलं नाही कुणाला! शाबास रे पोरांनो. मीसुद्धा तूदावर संशय घेतला. माझंही चुकलंच.”

तूदा अजून दाराशीच उभी होती. शेजारच्या दोघी बायका काही न बोलता सरकल्या आणि त्यांनी बाकावर मधली जागा मोकळी केली. तूदा येऊन बसली. तिनं डोळे पुसले, उसवायच्या हातमोज्यांचा ढीग सी अल्लालकडे सरकवला आणि धाग्याचं रीळ पुढं ओढून घेतलं.

“इत्तो,” ती म्हणाली, “ये, बस माझ्याजवळ. दोघी मिळून शिवू.”