दोन बरोबर

बीडच्या कॉलेजातल्या लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंदच असत. म्हणून त्या दुपारी शिवकन्याच्या शेजारी कुणीतरी खुर्ची ओढली.

"इथं बसू का?"

ती काही बोलायच्या आत तो बसलाही होता. आदिनाथ, युसूफ वडगाव या गावचा. त्याच्या बॅगेतून पिकल्या सीताफळांचा वास येत होता.

एम.सी.ए.चं पहिलं वर्ष. कॉमर्स करून आलेल्या या दोघांना सी भाषा पायापासून शिकायची होती. कालच सरांनी 'if' शिकवलं होतं. आदिनाथनं तेवढ्याच भांडवलावर एक प्रोग्रॅम रचला आणि की-बोर्ड तिच्याकडं सरकवला.

'चहा घेणार का? हो असेल तर १, नाही असेल तर ०.'

तिनं शून्य दाबलं.

'चला कँटीनला!'

पुन्हा शून्य. पुन्हा 'चला कँटीनला!'

"न्हाई म्हणलं तरी चलाच?"

"मशीनलाबी तुमी आवडल्या असताल…"

ती हसली नाही. उन्हाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून तिचं असंच चाललं होतं. तिनं कुठं राहावं, काय शिकावं, सगळं गावी दिंद्रुडला काका ठरवत. मायेनंच ठरवत, पण विचारायचं राहून जाई. बाबा विचारायचे. बाजाराला निघतानासुद्धा विचारायचे. आणि ती नको म्हणाली की खुशाल एकटे जायचे.

तिनं पडद्यावर प्रोग्रॅममधल्या '=' वर बोट ठेवलं. "हे बघा. तुमी एकच बरोबर टाकलंय. एक बरोबर म्हणजे उत्तर तुमीच भरून मोकळे. विचारायचं असलं, तर दोन बरोबर लागतात."

"दोन… बरोबर?" तो तिच्याकडं बघत म्हणाला.

"चिन्हं म्हणतेय मी!"

आता मात्र तिला हसू आलं. किती तरी दिवसांनी.

त्यानं चूक सुधारली. तिनं शून्य दाबलं. कॉम्प्युटर मुकाट्यानं म्हणाला, 'ठीक.' आणि त्या दिवशी ती आपणहून चहाला गेली.

सीताफळांचा हंगाम सरला. थंडी पडली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका सकाळी आदिनाथ हसतच लॅबमध्ये आला. "शिवकन्या, एक गंमत सांगू? मामा रविवारी दिंद्रुडला चाललेत. तुझ्या काकांकडं… आपल्या लग्नाचं बोलणं करायला."

तिचे हात की-बोर्डवरच थांबले.

"काकांना विचारणार?"

"हां. रीतच हाय ना?"

"आणि मला?"

त्यानं घाईघाईनं फोन काढला.

"मामा? न्हाई, रविवारी जाऊ नका… का म्हंजे? अहो, पोरीलाच इचारायचं राहिलंय!"

पलीकडून मामांच्या शिव्या तिलाही स्पष्ट ऐकू आल्या. तिनं ओढणीआड हसू लपवलं.

फोन ठेवून तो खुर्चीच्या कडेवर बसला. कानाच्या पाळ्या लाल. "माझ्याशी… लगीन करशील का? न्हाई म्हणलीस तरी—"

"तरी काय?"

"तरी उद्या मी इथंच बसंन. दुसरा कॉम्प्युटर कुठं चालू हाय?"

खिडकीतून ऊन हळूच आत सरकत होतं. त्यानं घाई केली नाही, पुन्हा विचारलंही नाही. नुसता थांबला. आणि त्या थांबण्यातच तिला तिचं उत्तर सापडलं.

"हो," ती म्हणाली. "पण डिग्री हातात आल्यावर."

"मग मामांना—"

"मामा नको. काकांशी मीच बोलते."

तिनं नंबर लावला. "काका, आजवर तुमी ठरवलं ते मी ऐकलं. ही एक गोष्ट… मला सांगायचीय."

आदिनाथनं डोळे मिटून घेतले.

मग काका हळूच म्हणाले, "सांग बाई. तुझ्या मनात काय हाय?"