दुःखाचं शेडकार्ड

जागृती घाग आली तेव्हा तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

"मॅडम, खडवलीला नदीत गळ टाकतायत," ती म्हणाली. "माझी सान्वी त्या पाण्यात नाही एवढं सांगा. नाहीतर आहे म्हणून सांगा. पण काहीतरी सांगा हो! सकाळपासून मी नुसतं पाणी बघतेय."

हेमांगी बाळ डोंबिवलीत खाजगी तपासाची कामं घ्यायची. बहुतेक कामं स्थळांच्या चौकशीची. जावयाला सिगारेटचं व्यसन आहे की नाही, असली. स्वानंद हा तिचा मामेभाऊ आणि मदतनीस. माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं जरा धीम्या गतीचं.

हकीकत थोडक्यात अशी होती. सान्वीला नुकतीच अठरा पूर्ण झालेली. तिला नर्सिंगला जायचं होतं, वडिलांनी लग्न ठरवलं. साखरपुडा परवावर आलेला. फोन वडिलांनी कधीच काढून घेतला होता. काल संध्याकाळी ती मानपाड्याला इंग्रजीच्या क्लासला गेली ती परतली नाही. आज सकाळी तिच्या सँडल खडवलीला नदीकाठच्या एका दगडावर सापडल्या.

"कुणाकडे गेली असेल?" हेमांगीने विचारलं.

"कुणाकडे जाणार? एक माझी तुळसामावशी आहे दिव्याला. सान्वीला तिनेच अंगाखांद्यावर वाढवली. पण ह्यांचं तिच्याशी भांडण झालं, तेव्हापासून नाव काढायची चोरी. तिच्या नळाला पाणी नाही, म्हातारी जिन्याने बादल्या चढवते. पण मलासुद्धा जाता येत नाही, तर सान्वी कुठली जाणार!"

हेमांगीने स्कूटरची किल्ली स्वानंदकडे फेकली.

काठावर सगळा चिखल होता. संदेश घाग, सान्वीचे वडील, दोन भावकीतल्या माणसांच्या आधाराने उभे होते. सँडल हवालदाराच्या ताब्यात होत्या. हेमांगीने त्या हातात घेऊन उलटून पाहिल्या. तळ कोरडे आणि साफ होते.

"काल तुम्ही तिला आणायला गेला होतात?" तिने संदेशना विचारलं.

"गेलेलो ना. घरी मुलाकडचे येऊन बसलेले. मी खाली बाईकवरच थांबलेलो. बाकीची पोरं उतरली, ही उतरली नाही. वाटलं, गेली असेल पुढे."

"वर जाऊन बघितलं नाहीत?"

"नाही. त्या क्लासची पायरी मी कधी चढलो नाही." त्यांनी कपाळावर हात मारला. "आता काय राहिलंय बघायचं? क्लासात तो दुःखाचा बोर्ड आहे बघा. तिचा नारिंगी चिमटा एकदम खाली, काळ्या पट्टीवर. पोरीने सांगून ठेवलेलं, आम्हालाच कळलं नाही."

"बोर्डाचं तुम्हाला कसं कळलं?"

"घरी सांगायची ती."

जागृतीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला घरी कुणी काही सांगितलेलं आठवत नव्हतं. पण आज तिला स्वतःचं नावही धड आठवलं नसतं.

मानपाड्याच्या क्लासच्या नीला मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास घ्यायच्या. भिंतीवर रंगांच्या दुकानात असतं तसं मोठं शेडकार्ड होतं. फिकट निळ्यापासून काळ्यापर्यंत पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर एक शब्द. वरून डिसअपॉइंटेड, अनहॅपी, मिझरेबल, डेस्परेट. सगळ्यात खाली, काळ्यावर, होपलेस. पट्ट्यांना नावं लिहिलेले कपड्यांचे चिमटे लावले होते.

"मुलांकडे एकच शब्द, सॅड," मॅडम म्हणाल्या. "नापास झालं तरी सॅड, चहा गार झाला तरी सॅड. म्हणून ही युक्ती. आल्यावर आपल्या मनाची पट्टी शोधायची, चिमटा लावायचा आणि कारण मोठ्याने सांगायचं. दिवसाला एकच पायरी हलायचं, उडी मारायची नाही. उडी मारली की मुलं शब्दाचा विचार करत नाहीत."

"काल सान्वीने कुठे लावला?"

"मिझरेबलवरून डेस्परेटवर आली. मी फरक विचारला, तर म्हणाली, होपलेस माणूस बसून राहतो. डेस्परेट माणूस काहीही वेडंवाकडं करेल, पण करेल. इतकं छान उत्तर! मी शाबासकी दिली हो." त्यांचे डोळे भरले. मग बोर्डाकडे पाहून त्या थबकल्या. "अगंबाई! हा खाली कसा गेला? काल क्लास सुटल्यावर मी आतच होते. आज सुट्टी, या खोलीत मी आत्ता तुमच्याबरोबर येतेय."

"काल दार उघडं होतं?"

"मुलं गेल्यावरही बराच वेळ. रॅकमध्ये सान्वीच्या सँडल दिसल्या नाहीत, म्हणून ती गेली समजून मी बोर्डाकडे न बघताच कडी लावली. कालचा दिवसच वाईट. मागच्या दारातल्या माझ्या रबरी चपला गेल्या, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या गेल्या. चोर तरी किती गरीब असावा!"

सान्वीचा वर्गमित्र शौनक खालच्याच मजल्यावर राहायचा. तो आला तोच रडवेला.

"आमचं तसलं काही नाय हो. फ्रेंड आहे ती. काल क्लासमध्ये तिचा लाकडी चिमटा तुटला. मी घरी धावत जाऊन दोरीवरचा नारिंगी आणून दिला. नंतर ती बाल्कनीतून खाली बघत होती, एकदम गप्प झाली. आम्ही निघालो, ती मागेच राहिली."

"आणि त्या बाटल्या?"

"दर आठवड्याला मॅडमच्या नकळत भरून न्यायची, मग परत आणून ठेवायची. विचारलं कोणासाठी, तर नुसती हसायची."

हेमांगीने स्वानंदला बाजूला घेतलं, एक पत्ता शोधायला सांगितलं आणि स्वतः रिक्षाने खडवलीला निघाली.

काठावर गळ अजून फिरत होते.

"ते थांबवा," ती हवालदाराला म्हणाली. "सान्वी इथे आलीच नाही. आली असती तर सँडलच्या तळांना चिखल लागला असता. सँडल हातातून आल्या. क्लासच्या रॅकमधून."

"मग ती अनवाणी गेली?" जागृतीने विचारलं.

"मॅडमच्या रबरी चपला घालून, मागच्या जिन्याने. खाली पुढच्या दाराशी बाईक दिसली म्हणून. बरोबर दोन बाटल्या पाणी घेऊन. जीव द्यायला निघालेली मुलगी नदीवर पिण्याचं पाणी कशाला नेईल?"

संदेश जमिनीकडे पाहत होते.

"नंतर कुणीतरी वर आलं. खोली रिकामी, सँडल रॅकमध्ये, भिंतीवर दुःखाचा बोर्ड. त्याने चिमटा काळ्या पट्टीवर सरकवला. पण सान्वी कालची तिची पायरी उतरून झाली होती. क्लासमधल्या कुणीही दुसरी उतरवली नसती. हा बाहेरचा माणूस." ती वळली. "चोराच्या मनात चांदणं, संदेशराव. मी न विचारताच तुम्ही चिमट्याचं बोललात, तेही नारिंगी म्हणून. नारिंगी चिमटा तिला कालच मिळाला. त्यानंतर ती घरी आलीच नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

संदेशनी आधाराचे हात झटकले.

"पाहुणे घरी बसलेले," ते म्हणाले. "पोरगी पळाली म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मेली म्हटलं तर लोक निदान रडतील. पहाटे येऊन ठेवल्या सँडल."

"मी रडत होते ना," जागृती म्हणाली. "तुमच्या शेजारी उभी राहून."

हेमांगीचा फोन वाजला. स्वानंद होता, दिव्याहून, तुळसामावशीच्या तिसऱ्या मजल्यावरून, धापा टाकत. हेमांगीने फोन जागृतीच्या कानाला लावला.

"आई," पलीकडून आवाज आला, "बाबांना सांगू नकोस."

जागृती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडली. मग उठली. हवालदाराच्या हातातल्या सँडल तिने मागून घेतल्या आणि पदराने पुसल्या.

"थांब, मी पण येतो," संदेश पुढे झाले.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही इथेच थांबा. तुमची मुलगी ह्या नदीत आहे ना? शोधा तिला."

आणि सँडल छातीशी धरून ती हेमांगीच्या रिक्षात जाऊन बसली.