सतराव्या क्रमांकाचं विरजण

मिरजेच्या जंतुवाचन केंद्रात नमुना दिला की वीस मिनिटांत बाईला दोन गोष्टी कळत: योनिमार्गात कोणते जंतू राहतात, आणि ते मूळ कोणाकडून आले. दुसऱ्या वाचनाला लोक मातृवाचन म्हणू लागले होते.

कालिंदी आरवाडेनं तपासणी चार महिने टाळली होती. तिची आई सुमती जाऊनही तेवढेच महिने झाले होते.

"इतके दिवस वास, स्राव सहन करत बसलीस?" डॉ. मुमताज बारगीर यांनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ. पेशींच्या कडा पुसट दिसतात ना? गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसे नको ते जंतू चिकटलेत. आणि आंबटपणा राखणारे चांगले, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, ते जवळजवळ संपलेत. घाबरू नकोस. पाच दिवस औषध घेऊन सगळे धुऊन काढायचे आणि सहाव्या दिवशी चांगल्या जंतूंचं प्रमाणित विरजण लावायचं."

"सगळे म्हणजे आईचेही?"

जन्माच्या वाटेवर आई मुलीला आपले जंतू देते. तिला ते तिच्या आईनं दिलेले असतात. घर विकून झालं होतं, साड्या वाटून झाल्या होत्या. आईचं जिवंत असं एवढंच उरलंय, या समजुतीवर कालिंदीनं चार महिने काढले होते.

"तिचा जुना नमुना तुमच्याकडे असेल," ती म्हणाली. "जुळवून तिचे तेवढे बाजूला काढा. मग खुशाल धुवा."

डॉक्टरांनी पडद्यावर तिचं मातृवाचन उघडलं. "तू सिझेरियनची का गं?"

"हो. आई म्हणायची, हिला यायचाच कंटाळा."

"मग तिचे तुझ्यात कधी नव्हतेच. तुझे सगळे इकडून तिकडून आलेले. दवाखान्यातले, दायांच्या हातचे."

कालिंदीला हसू आलं. "म्हणजे चार महिने मी परकेच पाळले."

"पण तिच्या नमुन्याची जुळणी दुसरीकडे सापडलीय. आम्ही लावतो ते सतराव्या क्रमांकाचं विरजण तुझ्या आईचं आहे. बावीस वर्षांपूर्वी दिलंय. वारसाला सांगायची परवानगीही लिहून ठेवलीय."

"मला बोलली नाही कधी."

"तिच्या लेखी सांगण्यासारखं नसेल."

ते खरं होतं. गल्लीत कुणाचंही दही बिघडलं की वाटी आरवाड्यांच्या दारात यायची.

"किती जणींना लावलं असेल?"

"पाच जिल्हे धर. चाळीस हजार तरी."

कालिंदीनं सही केली. बाहेर बाकावर एक बाई वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्हालाही सतराच का हो?" तिनं आपणहून विचारलं. "बिनधास्त लावा. मी हिच्या आधी लावलेलं, ब्याद गेली ती गेलीच. हीही नीट, पोट न फाडता घरीच झाली."

कालिंदीनं बोट पुढे केलं. मुलीनं ते मुठीत घट्ट धरलं. आईकडून लेकीला जे जन्मतानाच मिळायचं, ते हिला मिळून वर्ष झालं होतं. कालिंदीला अजून पाच दिवस थांबायचं होतं.